साठीनंतरची गाढ झोप आणि पूर्वजांचा हिशेब

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात १७१ माणसांच्या डोक्याला तारा चिकटवून त्यांची झोप मोजली गेली. त्यासाठी कुणाला प्रयोगशाळेत बोलावलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरी, रोजच्या गादीवर हे मोजमाप झालं. माणसं साठीच्या आसपासची. त्यांतले १०१ जण युरोपीय वंशाचे गोरे आणि ७० जण आफ्रिकन-अमेरिकन. झोपेबरोबर आफ्रिकन-अमेरिकन मंडळींचा डीएनएही तपासला होता. २०१५ साली 'स्लीप' या संशोधनपत्रिकेत याचा निष्कर्ष छापून आला. तो एका ओळीत असा: आफ्रिकन-अमेरिकन मंडळींमध्ये ज्याच्या डीएनएत आफ्रिकी पूर्वजांचा वाटा जास्त, त्याची गाढ झोप कमी.

हे ऐकून एक जण म्हणेल, "बघा, झोपसुद्धा रक्तातच असते." दुसरा म्हणेल, "वंशवादाने आता डॉक्टरचा पांढरा कोट घातला." दोघंही पुढची पानं न उलटताच बोलताहेत. 'पूर्वजांचा इतका टक्का वाटा' या आकड्यात काय मावतं आणि काय नुसतंच त्याच्या नावावर खपतं, हे कळायला हा अभ्यास फार उपयोगी आहे. म्हणून त्याची शिवण जरा उसवून बघू.

आधी गाढ झोप म्हणजे काय ते पाहू. रात्रभर आपली झोप सारखीच खोल नसते. साधारण दीड-दीड तासाचे चार-पाच फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात हलकी झोप, त्याहून जड झोप, मग गाढ झोप आणि शेवटी स्वप्नांची झोप. गाढ झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच उरकतो. म्हणून दोन वाजता उठवलेला माणूस "मी कुठे आहे" असं बघतो आणि पाच वाजता उठवलेला नुसता वैतागतो.

हे ओळखायचं साधन म्हणजे ईईजी. डोक्याच्या कातडीवर तारा लावून आत चाललेल्या विजेच्या लहरी टिपायच्या. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूच्या अशा लहरी १९२९ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केल्या. जागेपणी या लहरी बारीक आणि घाईच्या असतात. गाढ झोपेत त्या उंच आणि संथ होतात, सेकंदाला चारपेक्षा कमी. त्यांना डेल्टा लहरी म्हणतात. उंच का होतात? आठवडी बाजारात हजार माणसं आपापलं बोलत असली की नुसता गलका ऐकू येतो. त्याच हजारांनी आरतीच्या ठेक्यावर टाळी दिली की प्रत्येक टाळी गावाबाहेर ऐकू जाते. गाढ झोपेत मेंदूच्या पेशी अशाच एका ठेक्यावर येतात, सगळ्या मिळून बोलतात आणि सगळ्या मिळून गप्प बसतात.

या लहरी मोजायच्या दोन रीती आहेत. एकीत तंत्रज्ञ रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे डोळ्यांनी बघतो आणि ठरावीक उंचीच्या संथ लहरी पुरेशा दिसल्या तर 'गाढ' असा शेरा मारतो. दुसरीत संगणक डेल्टा लहरींची एकूण ताकद काढतो. पिट्सबर्गमध्ये दोन्ही केलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता वय. "म्हातारपणी झोप कमी लागते" हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. झोपेची गरज फारशी घटत नाही, झोपू शकण्याची ताकद घटते. त्यातही पहिली कात्री गाढ झोपेला लागते, आणि ती साठीत नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. शिकागोच्या संशोधकांनी २००० साली १४९ निरोगी पुरुषांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ऐन तारुण्यात रात्रीच्या सुमारे १९ टक्के वेळ गाढ झोपेत जात होता. ३६ ते ५० या वयात तो साडेतीन टक्क्यांच्याही खाली आला होता. बायकांची गाढ झोप पुरुषांपेक्षा जास्त टिकते. एकंदरीत साठीच्या माणसाच्या गाठीला ही पुंजी थोडीच उरलेली असते. त्यामुळे उरलेल्यात कुणाकडे किती, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

कारण गाढ झोपेत रक्तदाब खाली येतो, हृदय सावकाश चालतं, वाढीच्या संप्रेरकाचा मोठा लोट याच वेळी सुटतो. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या, रक्तदाब नसलेल्या ७८४ पुरुषांची झोप मोजून पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०११ साली त्याचा निकाल आला. गाढ झोप सगळ्यांत कमी असलेल्या एक-चतुर्थांश लोकांना रक्तदाब जडण्याचा धोका, ती सगळ्यांत जास्त असलेल्या एक-चतुर्थांशापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी जास्त निघाला. आता याला दुसरी गोष्ट जोडा. आफ्रिकन-अमेरिकनांमध्ये रक्तदाब गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो आणि लवकर सुरू होतो. आणि त्यांची गाढ झोप सरासरीने कमी असते, हेही अनेक अभ्यासांत दिसलं होतं. पिट्सबर्गची ही मंडळी मुळात हृदयविकाराच्या एका मोठ्या पाहणीतली होती, ते उगाच नाही. हृदयाचे डॉक्टर झोपेच्या दारात आले ते या वाटेने.

मग डीएनए कशाला? 'कृष्णवर्णीय' आणि 'गोरा' या दोन चिठ्ठ्या समाजाने लावलेल्या आहेत. अमेरिकेत जुना दंडक असा की आफ्रिकी रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस कृष्णवर्णीयच. शरीर असल्या चिठ्ठ्या मानत नाही. अटलांटिक ओलांडून गुलाम म्हणून नेलेल्या सुमारे सव्वा कोटी माणसांपैकी जेमतेम चार लाख माणसं थेट आजच्या अमेरिकेच्या भूमीवर उतरवली गेली, वाटेत मेलेली सोडली तर बाकीची बहुतेक कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलमध्ये. त्या चार लाखांच्या पुढच्या पिढ्यांत युरोपीय डीएनए मिसळला. बऱ्याचदा तो कसा मिसळला हे सांगायला इतिहासकार लागत नाही: मालक आणि त्याने विकत घेतलेली बाई, यांत संमतीचा प्रश्नच नव्हता. २०१५ साली हजारो आफ्रिकन-अमेरिकनांच्या डीएनएवरून काढलेली सरासरी होती सुमारे ७३ टक्के आफ्रिकी, २४ टक्के युरोपीय आणि किंचित मूळ अमेरिकी. ही झाली सरासरी. पिट्सबर्गच्या त्या ७० जणांत आफ्रिकी वाटा १० टक्क्यांपासून ८८ टक्क्यांपर्यंत पसरलेला होता. दहा टक्केवालाही स्वतःला आफ्रिकन-अमेरिकनच म्हणवतो आणि जगही त्याला तसंच वागवतं. संशोधकांना हाच पसारा हवा होता. सगळ्यांची चिठ्ठी एकच, पण आतला वाटा वेगवेगळा. मग वाट्याबरोबर झोप बदलते का, ते पाहता येतं.

हा वाटा काढतात कसा? मला त्यासाठी आपल्या बोलींचं उदाहरण सगळ्यांत जवळचं वाटतं. कुणी "मी करून राहिलो" म्हणाला की आपण त्याला मनातल्या मनात नागपूरच्या गाडीत बसवतो. "खंय चललंस" ऐकलं की मालवण. "नगं" म्हटलं की सातारा-कोल्हापूरकडची माती. एका शब्दावर भरवसा ठेवला तर फसाल. माणूस जन्मभर पुण्यात राहिलेला असेल, 'करून राहिलो' आईकडून आलं असेल. पण असे हजारभर शब्द तपासले तर सांगता येईल, की याच्या बोलण्यात विदर्भ इतका, कोकण इतकं. डीएनएतही अशा जागा आहेत, जिथे एक अक्षर पश्चिम आफ्रिकेत सर्रास सापडतं आणि युरोपात क्वचित, किंवा उलट. अशा हजाराहून जास्त खुणा वाचल्या की वाट्याचा अंदाज बऱ्यापैकी पक्का बसतो.

इथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट आहे. या खुणा निवडल्या जातात त्या प्रदेश ओळखू येतो म्हणून. झोपेशी त्यांचा संबंध असायलाच हवा असं काही नाही, बहुतेकींचा नसतोच. बोलीकडेच परत जाऊ. समजा पाहणी केली आणि दिसलं, की ज्याच्या बोलण्यात 'करून राहिलो' जितकं जास्त तितकं त्याला तिखट जास्त चालतं. आकडे खरे असतील, पण तिखट काही त्या क्रियापदात नसतं. सावजी रश्श्याच्या वासात वाढलेला माणूस ती भाषा बोलतो आणि तो रस्साही ओरपतो, दोन्ही एकाच अंगणातून आलेलं असतं. पूर्वजांच्या टक्केवारीचंही असंच आहे. तो आकडा म्हणजे एक जनुक नाही, ते एक गाठोडं आहे. त्यात जनुकं आहेत आणि त्या जनुकांबरोबर पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आयुष्यही आहे.

आता निकालाचे आकडे. आफ्रिकी वाटा कळला तर त्या गटातल्या माणसामाणसांच्या गाढ झोपेत जो फरक होता, त्यातला सुमारे ११ टक्के उलगडत होता. संगणकाने काढलेल्या डेल्टा ताकदीतल्या फरकाचा ८ टक्के. झोपेच्या एकूण तासांशी मात्र या वाट्याचा काहीही संबंध दिसला नाही.

या ११ टक्क्यांचा अर्थ लावताना भलेभले घसरतात. 'गाढ झोप ११ टक्क्यांनी कमी' असा तो नाही. 'झोप ११ टक्के आनुवंशिक' असाही नाही. सत्तर जणांची गाढ झोप वेगवेगळी आहे, कुणाची बरी, कुणाची नावाला. हा जो विखुरलेपणा आहे, त्याचा साधारण नववा हिस्सा वाट्याच्या आकड्याबरोबर हलतो. उरलेले आठ हिस्से वय, वजन, घोरणं, गोळ्या, चिंता, त्या रात्रीचे गाड्यांचे भोंगे आणि कुणालाच न कळलेलं काहीबाही. शिवाय माणसं सत्तरच. एवढ्या लहान गटात पाच-सात जण वेगळे आले असते तरी आकडा पुढे-मागे सरकला असता. तरीही एक गोष्ट माझ्या लेखी या अभ्यासाचा कणा आहे: तास हलले नाहीत आणि खोली हलली, तीही दोन्ही मापांत. नुसती गरिबी, नुसता आवाज, नुसती रात्रपाळी असती तर तासही कापले गेले असते असं वाटतं. म्हणून शरीरातलं काही असू शकेल हा संशय रास्त आहे. पण संशयच.

कारण गाठोड्याची दुसरी बाजू. आफ्रिकन-अमेरिकनांमध्ये आफ्रिकी वाटा जास्त म्हणजे साधारणपणे रंग अधिक काळा. अगदी तंतोतंत नव्हे, पण कल तसा. आणि रंग जितका गडद तितकी जगाची वागणूक कडक, हे अमेरिकेत एकाच चिठ्ठीखालच्या माणसांतही घडतं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, आपल्या वधू-वर जाहिरातींत 'गोरी, उंच' हे शब्द पदवीच्या आधी येतात. मग ज्याच्या डीएनएत आफ्रिकी वाटा जास्त, त्याने आयुष्यभर अपमानही जास्त गिळले असतील. अपमानाचा झोपेशी संबंध आहे का? सॅन दिएगोच्या संशोधकांनी २००६ साली हेच तपासलं. भेदभाव झाल्याचं जे जास्त सांगत होते त्यांची सगळ्यांत खोल टप्प्यातली झोप कमी निघाली, आणि कृष्णवर्णीय-गोऱ्यांमधल्या फरकाचा काही भाग त्याने उलगडला. मेंदूने अंगण सुरक्षित मानलं तरच तो त्या आरतीच्या ठेक्यावर येतो. एक कान दाराकडे ठेवून झोपणाऱ्याला ते जमत नाही.

पिट्सबर्गमध्ये तर हे दाराचं प्रकरण शब्दशः घडलेलं आहे. शहराच्या मध्याला लागून हिल डिस्ट्रिक्ट नावाची वस्ती आहे, कृष्णवर्णीयांच्या संगीताची, दुकानांची, प्रार्थनागृहांची. १९५० च्या दशकात 'शहर सुधारणा' म्हणून तिचा खालचा भाग पाडला. सुमारे आठ हजार माणसं उठवली, शेकडो धंदे गेले. त्या जागी गोल छताचं भव्य सभागृह उभं राहिलं, ते १९६१ साली उघडलं, आणि पन्नास वर्षांनी तेही पाडलं. २००० नंतरच्या दशकात साठीत असलेल्या पिट्सबर्गकराचं बालपण नेमकं त्याच वर्षांतलं. अभ्यासातल्या सत्तर जणांपैकी कोण त्या वस्तीतलं होतं हे आकड्यांत दिसत नाही, दिसणारही नाही. शिक्षण आणि उत्पन्न यांचा रकाना करता येतो, आकडेमोडीत तो वजाही करता येतो. आठव्या वर्षी डोळ्यांदेखत पडलेल्या घराचा रकाना कुठल्या तक्त्यात असतो?

मग जनुकांची बाजू पोकळ आहे का? मुळीच नाही. झोपेतल्या ईईजीचा नकाशा माणसागणिक इतका ठराविक असतो की त्याला बोटांच्या ठशाची उपमा देतात. इटलीत जुळ्यांवर केलेल्या २००८ च्या अभ्यासात एकाच बीजाच्या जुळ्यांचे हे ठसे विलक्षण सारखे निघाले. एक जनुक तर थेट आपल्या विषयातलंच आहे. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो आणि झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफीने तरतरी येते ती या पदार्थाची बसायची जागाच अडवल्यामुळे. ॲडिनोसिन निकालात काढणारं एक विकर (एन्झाइम) आहे, आणि ते विकर घडवणाऱ्या जनुकात एका अक्षराचा फरक असलेल्या माणसांमध्ये हे काम सावकाश चालतं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांना २००५ साली दिसलं की अशा माणसांची गाढ झोप जास्त असते. अशी अक्षरं सगळ्या प्रदेशांत सारख्या प्रमाणात नसतात. तेव्हा वाट्याबरोबर खोली बदलण्यामागे अशा काही अक्षरांचा हात असणं शक्य आहे.

पण 'झोपेचं जनुक' म्हणून एकच काही शोधत बसलात तर निराशा होईल. लोकांचे डीएनए आणि आरोग्याच्या नोंदी साठवणाऱ्या ब्रिटनच्या यूके बायोबँकमधल्या सुमारे ४ लाख ४६ हजार लोकांच्या डीएनएवरून २०१९ साली झोपेच्या तासांशी निगडित ७८ जागा सापडल्या. त्यांतल्या सगळ्यांत ठळक जागेचा परिणाम किती? आई किंवा वडिलांकडून आलेल्या त्या अक्षराच्या एका प्रतीमागे अडीच मिनिटांच्या आत. आणि ते सगळे लोक युरोपीय वंशाचे होते. म्हणजे ज्यांच्या झोपेबद्दल आपण इथे बोलतोय, त्यांच्यासाठी हा नकाशा जवळजवळ कोराच.

आणखी एक घसरण टाळायला हवी. एखादी गोष्ट आनुवंशिक असणं आणि दोन गटांतला फरक आनुवंशिक असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. उंची चांगलीच आनुवंशिक आहे. तरी दक्षिण कोरियातली माणसं उत्तर कोरियातल्या माणसांपेक्षा उंच आहेत. पूर्वज तेच, मधे फक्त सीमारेषा आणि ताटातलं अन्न. पिट्सबर्गचे ११ टक्के हे आफ्रिकन-अमेरिकन गटाच्या आतल्या फरकाबद्दल आहेत. त्यावरून कृष्णवर्णीय आणि गोरे यांच्यातल्या फरकावर उडी मारता येत नाही. बातम्या मात्र नेमकी तीच उडी मारतात.

झोपेची खोली एकीकडे, वेळ दुसरीकडे. शिकागोच्या रश विद्यापीठात झोप-जाग ठरवणाऱ्या, माणसाच्या आतल्या घड्याळाचा फेरा मोजला, तेव्हा आफ्रिकन-अमेरिकनांचा फेरा युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा काही मिनिटांनी छोटा निघाला. तो दोघांचाही २४ तासांच्या किंचित पुढेच असतो. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर सारखाच असतो, तिथे २४ तासांना चिकटून असलेलं घड्याळ सोयीचं पडलं असावं, असा संशोधकांचा कयास आहे. वय वाढलं की सगळ्यांचंच घड्याळ पुढे सरकतं, संध्याकाळी आठला पेंग आणि पहाटे चारला टक्क जाग. ज्याचं मुळातच लवकरचं, त्याला रात्रपाळी अधिक जड जाणार, हे उघड आहे.

आफ्रिकेचं नाव निघालंच आहे तर टांझानियाच्या हाड्झा लोकांकडे जाऊन येऊ. पूर्वजांच्या टक्क्यांशी याचा थेट संबंध नाही, पण म्हाताऱ्या माणसांच्या झोपेबद्दल यापेक्षा गोड अभ्यास मला माहीत नाही. हाड्झा आजही बरंचसं शिकार करून आणि कंद-फळं गोळा करून जगतात. एका वस्तीवरच्या ३३ मोठ्या माणसांच्या मनगटाला हालचाल टिपणारं यंत्र बांधून वीस दिवस त्यांची झोप पाहिली. २०१७ साली निकाल आला: सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेले आहेत अशी मिनिटं वीस दिवसांत मिळून निघाली १८. कुणी ना कुणी कूस बदलत होता, कुणी उठून बसला होता. पहारा कुणी लावून दिलेला नव्हता, तो आपोआप भरत होता, आणि त्यात वयाचा मोठा हात होता: तरुण उशिरा झोपणारे, वयस्क लवकर उठणारे. संशोधकांनी याला 'धड न झोपणाऱ्या आजी-आजोबांचा सिद्धांत' असं गमतीचं नाव दिलं. माळावर राखणीला म्हातारा बसवतात त्यामागचं शहाणपण कदाचित माळापेक्षा जुनं असेल. आणि हे लोक झोपेबद्दल कुरकुर करत नव्हते, हे विशेष.

मापकाठीबद्दलही बोलायला हवं. ईईजीची तार कातडीला टेकली पाहिजे. दाट कुरळे केस असतील तर ती नीट टेकत नाही, आणि नीट टेकली नाही तर लहर ठेंगणी किंवा गढूळ उमटू शकते. पिट्सबर्गच्याच कार्नेगी मेलन विद्यापीठात २०२० च्या सुमारास कुरळ्या केसांच्या वेण्यांमध्ये बसतील अशा क्लिपा तयार झाल्या, त्यांचं नाव 'सेवो'. हे तंत्र जवळजवळ शंभर वर्षांचं होईपर्यंत असली क्लिप बनवावी असं कुणाला सुचलं नव्हतं, यातच बरंच काही आलं. झोपेत श्वास अडकतो का हे पाहायला बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात. कोविडच्या दिवसांत हा चिमटा घरोघरी पोचला. २०२० साली अमेरिकेत दिसून आलं, की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन घसरलेला असूनही चिमट्याने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आहे, गडद कातडीतून प्रकाश वेगळा जातो म्हणून. म्हणजे ज्याचा श्वास रात्री अडकतो त्यालाच यंत्र 'सगळं छान' सांगणार.

आपल्याकडे हा प्रश्न कसा दिसेल? वयस्कांची देशभरची मोठी पाहणी, लासी, मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने चालते. पहिल्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ४५ वर्षांपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून बहात्तर हजारांहून जास्त जण तिच्यात होते. त्यांना झोपेबद्दलही प्रश्न विचारले जातात. त्याच पाहणीतल्या २,७६२ जणांचा संपूर्ण डीएनए वाचून २०२५ साली भारतीयांच्या पूर्वजांचा सविस्तर इतिहास मांडला गेला: इराणकडच्या जुन्या शेतकऱ्यांशी नातं सांगणारा एक वाटा, गवताळ स्टेपमधून आलेल्यांचा एक, आणि इथल्या प्राचीन शिकारी-संकलकांचा एक. जवळजवळ प्रत्येकात हे तिन्ही, प्रमाणं वेगळी. उद्या कुणी हे वाटे झोपेशी ताडून पाहिलेच, तर गाठोड्याची गोष्ट इथे दुप्पट लागू. आपल्याकडे हे वाटे जातीबरोबर बदलतात, आणि जातीबरोबर घर, काम, पाणी, पंखा हे सगळंच बदलतं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण झोपत असतील तर पहिला दोष कुठल्या जनुकाला द्यायचा?

गाठोडं सोडायचा एक मार्ग आहे. माणसाचा एकूण वाटा न बघता त्याच्या गुणसूत्राचा एकेक तुकडा कुठल्या पूर्वजाकडून आला ते बघायचं, आणि एखाद्या ठरावीक तुकड्याबरोबरच गाढ झोप हलते का ते तपासायचं. भेदभाव करणारा माणूस तुमचा रंग बघतो, तुमच्या सातव्या गुणसूत्राचा मधला तुकडा त्याला दिसत नाही. त्यामुळे एखादाच तुकडा वेगळा उठून दिसला तर तो शरीराचा पुरावा ठरतो. यासाठी माणसं सत्तर नाही, हजारोंनी लागतात.

माझ्या मावशीला हे सगळं मी सांगत होतो, कारण मुलाने तिला मनगटी घड्याळ पाठवलंय आणि ते रोज सकाळी 'गाढ झोप सरासरीपेक्षा कमी' असं सांगून तिचा दिवस नासवतं. तिला म्हटलं, हे घड्याळ मेंदूच्या लहरी मोजत नाही, हाताची हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. आणि सरासरी कुणाची, तर ज्यांची झोप आजवर मोजली गेली त्यांची, त्यात सत्तरीच्या सांगलीकर बाया कितीशा असणार? त्यापेक्षा दिवसा डुलक्या येतात का, रात्री लघवीला कितीदा उठावं लागतं, रक्तदाबाची गोळी कधी घेतेस, हे डॉक्टरांना सांग. आणि मुख्य म्हणजे घोरतेस का? घोरताना श्वास अडकत असेल तर गाढ झोपेचे तुकडे होतात, आणि त्यावर इलाज आहे.

"छे," मावशी म्हणाली, "मी कुठली घोरतेय!"

आतल्या खोलीतून काकांचं हसू ऐकू आलं.